रिकामा खड्डा

"प्रेत नको म्हणजे नको!" विनिफ्रेडने कपबशी आपटली. चहा पटकथेवर सांडला.

रॅकमने रुमालाने पानं टिपली. दिग्दर्शक होता तो, लेखकांच्या थयथयाटाची त्याला सवय होती. "बाई, लोक दीड तास जीव मुठीत धरून बसणार. शेवटी खड्ड्यात काहीच नाही? खुर्च्या मोडतील!"

"माझ्या कादंबरीत नवरा पळून गेलाय. बायकोच्या डोक्यात भरतं की तो बागेत पुरलाय. ती खणते, तर नुसती माती. हाच तर पुस्तकाचा जीव आहे!"

खरं दुखणं निराळंच होतं, आणि ते इंग्लंडमधल्या सफक परगण्यातल्या तिच्या गावाला पक्कं ठाऊक होतं. विनिफ्रेडचा नवरा हर्बर्ट अकरा वर्षांपूर्वी दिसेनासा झाला. ऑस्ट्रेलियाला गेला, असं ती सांगायची. तेव्हापासून ती टपाल कचेरीत शिरली की बायका गप्प व्हायच्या. त्यांची तोंडं बंद करायलाच तिने ही कादंबरी लिहिली. गावाने वाचली आणि गाव ओशाळलं. आणि आता हा मेला सिनेमावाला तिच्याच बागेत प्रेत काढायला निघाला होता! करारात घर-बाग वापरण्याचं कलम होतं, ते न वाचताच तिने सही ठोकली होती. आता डोकं आपटून घेऊन काय उपयोग?

"हात जोडते तुम्हाला," ती म्हणाली. तिला रडू फुटलं. "या गावात राहायचंय मला. प्रेत निघालं तर मी संपले."

रॅकम विरघळला. "बरं बाई. खड्डा रिकामा. झालं समाधान?"

"आणि खणायचं ते कपडे वाळत घालायच्या तारेपाशी. दुसरीकडे फावडं लावायचं नाही."

"कबूल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ताठ मानेने टपाल कचेरीत गेली. "या ना दुपारी माझ्या बागेत शूटिंग बघायला," तिने पोस्टमास्तरीण मिसेस क्लॅगला सांगितलं. "सगळ्याच या."

"अगंबाई, खरंच?" मिसेस क्लॅग म्हणाली आणि निम्मं गाव घेऊन हजर झाली.

विनिफ्रेड बागेत आली आणि थबकली. नटी मोरा पेअरच्या झाडाखाली गुडघे टेकून बसली होती.

"तिथे का? तारेपाशी ठरलं होतं!"

"तिकडे कॅमेऱ्याला जागा नाही, बाई," रॅकम म्हणाला. "घाबरू नका, तुमचं झाड मरत नाही. काल तुम्ही माझ्याकडे आला होतात तेव्हाच आमच्या सामानवाल्या सिडने खड्डा खणून परत भरलाय. माती भुसभुशीत हवी, नाहीतर नटीचे हात सोलतात."

"कालच खणला?" विनिफ्रेडने त्याची बाही धरली. "किती खोल?"

"कमरेइतका."

"मग?"

"मग काय? परत भरला."

विनिफ्रेडच्या जिवात जीव आला. मिसेस क्लॅगकडे बघून ती चक्क हसली.

कॅमेरा सुरू झाला. मोरा दोन्ही हातांनी माती उपसू लागली. कोपरापर्यंत हात आत गेले. मग तिने अशी किंकाळी फोडली की रॅकम टाळ्याच पिटायला लागला. पण ती थांबेना. तिच्या हातात एक बूट होता आणि बुटात हाड.

"सिड!" रॅकम कडाडला. "प्रेत नको म्हणून बजावलं होतं ना? कुणी ठेवलं हे?"

सिडने टोपी काढली. "मी नाही हो, साहेब. काल खणताना सापडलं. मला वाटलं, तुम्हीच आधी पुरून घेतलंय. म्हणून होतं तसंच परत ठेवलं."