नव्याण्णववरची चांदणी

"महिना नव्याण्णव रुपये, अक्का. चहा-बिस्किटाला याहून जास्त जातात." भूपेंद्रने लॅपटॉप सुगंधाबाईंकडे वळवला.

चोपड्याच्या सुगंधाबाई केळीचे वेफर्स करत. हाताखाली चौदा बायका. वेफर्सची वेबसाइट काढायची म्हणून त्यांनी भूपेंद्रच्या धुळ्याच्या ऑफिसात फोन केला होता, आणि भूपेंद्रलाच पाठवा असं नाव घेऊन सांगितलं होतं. आपलं नाव चोपड्यापर्यंत पोचलं, या खुशीत तो सकाळच्या एसटीत तरंगतच आला होता.

वेबसाइट ठेवायला इंटरनेटवर भाड्यानं जागा घ्यावी लागते. तिला होस्टिंग म्हणतात, आणि भूपेंद्र ते विकायचा. आज आणखी एक गिऱ्हाईक मिळालं की तो जळगाव शाखेचा प्रमुख होणार होता. आणि प्रमुख झाला की भुसावळची कामिनी त्याची.

मुलगी पाहून पंधरा दिवस झाले होते. कामिनी त्याला इतकी आवडली होती की दुसरं काही सुचत नव्हतं. अडला होता तो फक्त तिकडचा होकार. मुलीकडचे चौकशी करणार हे ठरलेलंच. म्हणून शेजारच्या पुष्पाबाईंपासून कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत सगळ्यांना त्याने पढवून ठेवलं होतं. गडी कच्च्या गुरूचा चेला नव्हता.

सुगंधाबाईंनी चष्मा वर सरकवला. "व्यापारी पहिल्या कापनीले चांगला भाव देस, आन दुसरीले तोंड फिरवस. तुमनं तसं नही ना, भाऊ?"

प्रश्न नेमका दुखऱ्या जागी लागला. नव्याण्णवच्या डोक्यावर मुंगीएवढी चांदणी होती. तिचा अर्थ पानाच्या तळाशी फिक्या अक्षरांत दिला होता: तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तरच हा भाव, पुढं महिना चारशे नव्वद. भूपेंद्रने पान तळापर्यंत जाऊच दिलं नाही.

"पुढचा भाव बाजारावर असतो, अक्का. पण जुन्या गिऱ्हाइकाला आम्ही वाऱ्यावर सोडत नाही."

यात धडधडीत खोटं असं काही नव्हतं, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

"आन जागा कितली?"

"अमर्याद!"

अमर्याद जागेत फाइली किती ठेवायच्या याची मर्यादा वेगळ्याच पानावर लिहिली होती. त्या पानाची वाट कंपनीतल्या दोघा-तिघांनाच ठाऊक असावी.

"वेबसाइटनं नाव मनाच नावावर ऱ्हाई ना?"

"नाव तर फुकट आहे, अक्का!"

फुकट होतं, पहिलं वर्ष. आणि नोंद कंपनीच्या नावावर. विचारलं काय आणि सांगितलं काय! पण फुकट म्हटलं की माणसं पुढचं विचारत नाहीत, असा त्याचा सहा वर्षांचा अनुभव होता. सुगंधाबाईंनीही मान डोलावली.

पडद्यावर लाल घड्याळ उलटं धावत होतं. ऑफर संपायला अकरा मिनिटं. पान बंद करून उघडलं की ते पुन्हा पंधरापासून सुरू व्हायचं, म्हणून भूपेंद्र पानाला हात लावत नव्हता.

सुगंधाबाईंनी वेफर्सची बशी पुढे केली. "खा भाऊ." मग त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, "माले इंग्रजी समजत नही. घरना समजीसन सांगा. यामा आजून काही सांगानं राही गयं का?"

भूपेंद्रने बशीतला एक वेफर उचलला. बाई त्याच्या आईच्या वयाच्या होत्या आणि आवाजात माया होती. सांगून टाकावं असं त्याला खरंच वाटलं. पण मग कामिनी आठवली. एकच तर गिऱ्हाईक हवं होतं.

"काहीच नाही, अक्का. बठ्ठं सांगितलं."

"बरं." सुगंधाबाई हसल्या. "फॉर्म ठेई जा. सांजले कळावस."

एसटीत बसल्या बसल्या त्याने साहेबांना फोन लावला. "काम झालंच समजा, सर." साहेबांनी अभिनंदन केलं. जळगावात भाड्यानं दोन खोल्या कुठं बघाव्यात, याचा विचार करत तो अमळनेरपर्यंत आला. तिथं आईचा फोन आला.

"भूपेंद्र, भुसावळथून फोन उना व्हता. त्यास्नी नकार दिधा."

तो सीटवरून अर्धा उठला. "कोनी काय सांगं त्यास्ले? पुष्पाबाई काही बोलनी का?"

"नही रे. आपली गल्लीमा कोनी उनंच नही." आईचा आवाज रडवेला झाला. "त्या म्हनतस, शेजारी तर गोडच बोलतस, म्हनीसन आम्ही पोऱ्यालेच घर बलाई लिधं. कामिनीनी आत्या शे ना चोपडाले, ती वेफर करस म्हने."