वापरलेलं नाव

"बाळाचं नाव?" लसीकरणाच्या टेबलामागच्या सिस्टरने कार्डावरून मान वर न करता विचारलं.

"झुळूक," आई म्हणाली.

शेजारी बसलेल्या बापाने मोबाइलमधून एकदम डोकं वर काढलं. "अगं, ते नको. ते मी वापरलंय."

वापरलंय! नाव म्हणजे काय टॉवेल होता?

बाप लेखक होता. चेटकिणी, शापित राजे, उडते साप, असलं अख्खं जग त्याने एका जाडजूड कादंबरीत उभं केलं होतं आणि त्यातल्या ओढ्यांना, खिंडींना, झालंच तर घोड्यांनाही नावं होती. इकडे लेक साडेतीन महिन्यांची झाली तरी तिच्या नावाचा विषय निघाला की महाराज म्हणणार, 'पुस्तक प्रेसला जाऊ दे, मग निवांत बसू.' घरचे त्याला नावं ठेवत होते आणि हा पठ्ठ्या डोंगरांना नावं ठेवत बसला होता.

"कशाला वापरलंस?" आईने विचारलं.

"आहे एक चेटकीण, दलदलीतली." त्याची कळी खुलली. आता तो सिस्टरलाही सांगायला लागला. "तिचा श्वास नुसता लागला ना, की माणसाचं मांस सडून गळून पडतं. गावकरी भीतीने तिचं खरं नाव घेतच नाहीत. 'झुळूक आली' एवढंच म्हणतात. लोक असंच करतात की नाही? जेवढी गोष्ट भयंकर तेवढं नाव गोड! संपादक तर या जागेवर खूश आहेत."

त्याने मुखपृष्ठ उघडून फोन दोघींच्या मध्ये धरला. वासलेलं तोंड, काळ्यानिळ्या हिरड्या, हिरड्यांतून बाहेर लोंबणाऱ्या अळ्या. खाली सोनेरी, वळणदार अक्षरांत 'झुळूक'.

"शी!" सिस्टर म्हणाली आणि खुर्ची मागे सरकवून बसली.

आईच्या तोंडात कडू पाणी आलं. पाचव्या महिन्यात पोटात पहिल्यांदा हललं, तेव्हा तिने नवऱ्याचा हात ओढून पोटावर ठेवला होता. 'आतून झुळूक गेल्यासारखं वाटलं रे,' असं म्हणाली होती. मुलगी झाली तर हेच नाव, हेही तेव्हाच म्हणाली होती. त्यानंतर तिला दुसरं नाव शोधावंसंच वाटलं नाही.

"मी तुला सांगितलं होतं हे नाव."

"सांगितलं होतंस ना! तिथूनच तर सुचलं मला." बायकोची पाठ थोपटावी अशा सुरात तो म्हणाला.

"मग बदल ते पुस्तकात."

"आता? मुखपृष्ठ छापून झालंय अगं. आणि नावांना काय तोटा?" त्याने अंगठ्याने फोनवरची यादी खालीवर केली. "थांब, माझ्याकडे गाळलेली नावं पडून आहेत. हे बघ, हे एका राणीसाठी काढलं होतं, मग राणीच कापून टाकली. म्हणजे कोरंच आहे. घे यातलं एखादं."

उष्टं ताट पुढे सरकवावं तसा त्याने फोन तिच्यापुढे सरकवला.

तिने तिकडे पाहिलंच नाही. मांडीवरच्या लेकीकडे बघत तिने मनातल्या मनात झुळूक म्हणून पाहिलं. अळ्या दिसल्या. पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा अळ्याच. गेलं ते नाव, तिला कळून चुकलं. तिला किळस आली. पण ती त्या चित्राची नव्हती, शेजारी बसलेल्या माणसाची होती.

"अहो, मागे रांग आहे," सिस्टर म्हणाली. "नाव मागाहून सांगा. आधी बाळाची मांडी मोकळी करा आणि पाय घट्ट धरा."

सुई आत गेली. बाळाचा चेहरा लालबुंद झाला, श्वास क्षणभर अडकला, आणि मग अशी काही किंकाळी फुटली की बाकावरची सगळी बाळं एकदम गप्प झाली. आईचे डोळे भरले. लाथा झाडणारा दुसरा पाय धरायला तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत होता. अंगठा फोनवर होता.

"काय करतोयस?"

"शू! ऐक ना, शेवटाला कशी वर चढते बघ. 'ईय्याऽहा.' दुसऱ्या भागात माझी एक खिंड आहे, वाऱ्याने सतत रडणारी. तिला नाव मिळत नव्हतं." आणि त्याने ते टिपून घेतलं.

सिस्टरच्या हातातला कापसाचा बोळा तसाच राहिला.

आई उठली. लेकीला खांद्यावर घेऊन टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली आणि वाकून सिस्टरच्या कानात काहीतरी बोलली. सिस्टरने ऐकून घेतलं, एकदा त्या लेखकाकडे पाहिलं आणि डाव्या हाताचा आडोसा करून कार्डावर लिहिलं. कार्डाची घडी घालून ते आईच्या हातात दिलं. आईने ते पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून चेन ओढली.

"काय ठेवलं?" तो मान उंच करून विचारत होता. "अगं, सांग तरी!"

ती रडणाऱ्या बाळाची पाठ चोळत दाराकडे निघाली. तो मागोमाग आला. फोन अजून हातातच होता.

"मी बाप आहे तिचा. हाक काय मारू मी तिला?"

"बाळ म्हण," ती म्हणाली. "रस्त्यात कुणाच्याही लेकराला म्हणतोस, तसं."