गच्चीवरची मीटिंग

बंगलोरहून चार दिवसांसाठी इंदूरला आलेल्या अश्वजितला घरात कुठेच नेट मिळेना. लॅपटॉपला डोंगल खोचून तो या खोलीतून त्या खोलीत फिरला. शेवटी गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी रेंज आली, तेव्हा कानाला हेडफोन लावून तो तिथेच उन्हात बसला. पलीकडच्या टोकाला वडील गहू निवडत होते. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्याने आवाज इतका खाली आणला, की नुसते ओठच हलत होते.

पोरगा इंजिनिअर झाला, पण बापाचा धंदा विसरला. तात्यारावांनी चोवीस वर्षं मिलमध्ये माग चालवले होते. तिथल्या खडखडाटात कानांचा काही उपयोग नव्हता. माणसं एकमेकांचे ओठ वाचूनच बोलायची.

निवडता निवडता तात्यारावांचा हात थांबला.

थोड्या वेळाने अश्वजित लॅपटॉप मिटून, हसरा चेहरा करून त्यांच्याजवळ आला.

"काय म्हणत होते रे ऑफिसवाले?"

"कुछ नहीं बाबा, प्रमोशनची बात चालू होती."

तात्यारावांनी मान हलवली आणि सुपातले खडे वेचून बाजूला टाकले.

"सूनबाईला इतक्यात सांगू नकोस. तिकडे गेलास की रोज वेळेवर डबा घेऊन घरातून निघत जा. मिल बंद पडली तेव्हा तुझ्या आईने भरून दिलेला डबा मी आठ महिने नेहरू पार्कात बसून खाल्ला."