तुटक रेघ

जावयाने टेबलावरची ताटं बाजूला सारली आणि सासऱ्याचंच पुस्तक उघडलं. शेवटचा घडीचा नकाशा उलगडून त्याने खिंडीवर बोट ठेवलं.

"बाबा, मिठाच्या काफिल्यांची ही जुनी वाट खिंडीच्या पुढे तुम्ही तुटक दाखवलीय."

"तुटक म्हणजे ऐकीव. स्वतः चाललो ती सलग." म्हातारा चष्मा पुसू लागला. आधी फौजेसाठी नकाशे काढण्यात आणि मग जुन्या वाटा हुडकण्यात त्याची हयात गेली होती. "तुम्हालाही हेच शिकवलंय की, जावईबापू."

"मग तुकडी नदीच्या घळीतूनच न्यावी लागेल. परवा. मीच नेतोय." जावई नकाशाची घडी घालू लागला. "घळीच्या वर शत्रूच्या तोफा आहेत. पण दुसरी वाटच नाही म्हटल्यावर काय करणार?"

आत मुलगी बाळाला झोपवत होती. तिचं गुणगुणणं बाहेर ऐकू येत होतं. उभ्या जन्मात म्हाताऱ्याने नकाशात एकच खोटी रेघ काढली होती, आणि तीच आता घरच्या माणसाच्या जिवावर उठली होती.

"थांबा," तो म्हणाला. "वाट आहे. मी गेलोय तिथून."

जावयाने वर पाहिलं.

"पलीकडे उतारावर सात-आठ घरांची वस्ती आहे. बर्फात अर्धमेला सापडलो होतो त्यांना. एका बाईने रात्रभर माझे पाय उराशी धरले, म्हणून ते आज आहेत. त्या लोकांच्या वाटेला कुणी जाऊ नये, म्हणून मी..."

पेन्सिल घेऊन त्याने ती रेघ सलग केली. हात जराही थरथरला नाही, याची त्याला लाज वाटली.

"त्यांना हात लावणार नाही, एवढा शब्द द्या."

जावई माणूस वाईट नव्हता. सासऱ्याला खोटा शब्द देणं त्याच्या जिवावर आलं.

"आम्ही रात्रीचे जाणार, बाबा. एक जण जरी जागा झाला, तरी खाली घळीवरच्या तोफांपर्यंत बातमी पोचेल." त्याने आवाज खाली आणला. "वस्तीत कुत्री आहेत का?"

फौजेत असताना हा प्रश्न म्हाताऱ्यानेही विचारला होता. उत्तर मिळाल्यावर काय करतात, ते त्याला पाठ होतं: आधी कुत्री, मग झोपेतली माणसं.

"आहेत," तो म्हणाला.