कडेची मिनिटं

"ऐंशी मिनिटं झाली की आईचं बोलणं तुटतं," ताई दुकानदाराला म्हणाली. "अर्ध्या वाक्यात. मला सगळं हवंय, आणि एकाच डिस्कवर."

बोलताना तिने धाकट्या भावाकडे बघायचं टाळलं. तो शेजारीच उभा होता, काउंटरच्या काचेवरचं स्टिकर नखाने खरवडत. मागे स्टुलावर आई बसली होती, गळ्याभोवती सुती रुमाल गुंडाळून. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज कायमचा गेला होता. ऑपरेशनच्या आधी धाकट्याने तिला कॉम्प्युटरसमोर बसवून आवाज भरून ठेवला होता. अंगाई, नातवंडांना मारलेल्या हाका, दोघांच्या जन्माच्या हकिकती, मध्येच दूध उतू गेल्याची आरडाओरड. त्यातून त्याने ताईला करून दिलेली डिस्क ऐंशी मिनिटांवर थांबत होती.

"दोन डिस्क करा ना," दुकानदार म्हणाला. "सोपं पडेल."

"नको. दुसरी कुठे गहाळ होईल सांगता येत नाही."

धाकट्याचं नख थांबलं. "ताई, पुढे काही नाहीये. नुसता खोकला. म्हणून तर कापलं मी."

"परवा म्हणालास, डिस्क भरली म्हणून थांबलं."

"दोन्ही."

"दोन्ही!" ताई म्हणाली. फाइल आण म्हटलं की हा विसरायचा. शेवटी आज सकाळी ती स्वतःच त्याच्या घरी गेली आणि समोर उभं राहून त्याला हार्ड डिस्क काढायला लावली. कुठेतरी पाणी मुरत होतं. घराबद्दल काही बोलली असेल का आई? की आपल्याबद्दलच? "आधी तो शेवट ऐकवता का जरा?" तिने दुकानदाराला विचारलं.

"या मशीनला आवाज नाही," दुकानदार सहज बोलून गेला आणि स्टुलाकडे पाहून ओशाळला. आईला मात्र हसू आलं. "म्हणजे स्पीकर नाहीत. डिस्क झाली की त्या प्लेअरवर ऐका."

त्याने डिस्कवर लिहिणारे दोन सीडी रायटर समोर ठेवले. एक नवा, चकचकीत, बावन्नच्या स्पीडचा. दुसऱ्याच्या खोक्याचे कोपरे दबलेले.

"नवा जोरात पळतो, पण ऐंशी मिनिटांच्या पुढे जात नाही. नव्व्याण्णव मिनिटांची डिस्क घातली तरी ऐंशीलाच हात वर करतो. हा दुसरा हळू आहे, पण पार कडेपर्यंत लिहितो."

"जुना माल खपवताय ना?"

"तुमच्यासमोर एक लिहून दाखवतो. डिस्क चालली तरच रायटर घ्या."

हे ताईला पटलं. पटलं म्हणूनच तिने खोकं उलटसुलट करून पुन्हा एकदा पाहिलं.

दुकानदाराने रायटर जोडला. "स्पीड चारवर ठेवतो."

"चार?" धाकटा पुढे सरकला. "जेवढा जास्त जातो तेवढा लावा की. आईला किती वेळ बसवायचं?"

"मोठ्या डिस्कवरच्या रेघा दाटीवाटीने असतात. घाई केली की कडेचं लिखाण फिसकटतं. सुरुवातीचं छान वाजेल, शेवटची मिनिटं जातील." दुकानदार हसला. "घाईचं अक्षर डॉक्टरांचं, दुसऱ्याला वाचता येत नाही."

कुणी हसलं नाही. ताई भावाकडे वळली.

"तुला हे ठाऊक होतं."

"काय?"

"की जोरात लिहिलं तर शेवट जातो."

धाकटा पुन्हा स्टिकर खरवडायला लागला. ताईने आईला विचारलं, "आई, काय आहे गं शेवटी?"

आईने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ताईला कळलं नाही. मग आई दाराबाहेर, रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बघत राहिली. म्हणजे हिलाही ठाऊक आहे, ताईच्या मनात आलं. दोघं मिळून आपल्यापासून लपवताहेत.

हिरवा दिवा लुकलुकत होता. पडद्यावरची पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती. ताई तिच्यावरून नजर हलवेना. मध्ये धाकट्याने कॉम्प्युटरच्या वायरजवळून पिशवी उचलली, तर ती केवढ्यांदा ओरडली, "हात लावू नकोस!"

डिस्क बाहेर आली ती कोमट होती. दुकानदाराने ती प्लेअरमध्ये घातली आणि बटण दाबून शेवटाकडे नेली.

"मी स्कूटर बघून येतो," धाकटा म्हणाला. पण गेला नाही. दारात पाठ करून उभा राहिला.

आधी थोडी खरखर. मग खोकला, बराच वेळ. खोकलाच होता. ताईने ओठ घट्ट मिटले. तिला स्वतःची लाज वाटू लागली होती, तेवढ्यात प्लेअरमधून हुंदका आला. पुरुषाचा. तोंड दाबून धरलेला, तरी न आवरणारा.

"आई, बोल गं. काहीही बोल. बंद नको करूस."

त्यामागोमाग आईचा आवाज. घोगरा, थकलेला, पण तिचाच.

"उगी रे माझ्या बाळा, उगी. इकडे ये. डोळे पूस आधी. नाही सांगणार मी ताईला."

दुकानदार उगीचच वायर गुंडाळायला लागला. दारातली पाठ हलली नाही.

आई स्टुलावरून उठली. दोघांपैकी कुणाकडेही न बघता ती काउंटरपाशी आली, आणि तिने प्लेअरचं बटण हळूहळू फिरवत आवाज पार बंद केला.