जातो म्हणायचं नसतं

मंदीत नोकरी गेली, पाठोपाठ व्हिसाही. सोमवारी अवधूत कायमचा नागपूरला परतणार होता. घटस्फोटानंतर पाच वर्षांची मुक्ता आईकडे, म्हणजे रचनाकडे, लंडनमधल्या ईलिंगला राहायची. तिच्यासोबतचा हा त्याचा शेवटचा शनिवार होता.

डायनोसॉर, बोट, पार्कातली बदकं... सकाळपासून त्याने तिला लंडनभर फिरवलं.

"बाबा, माझी पाय दुखते."

एरवी त्याने तिचं मराठी सुधारलं असतं. आज म्हणाला, "अजून एकच, बाळा." परत जाणार असल्याचं सांगायला मात्र दिवसभर जीभ रेटली नाही.

संध्याकाळी रचनाच्या दारात त्याने मुक्ताच्या बुटाची सुटलेली लेस बांधली, उगाचच. निघताना "जातो" म्हणायचं नसतं, ही त्याच्या घरची शिकवण. "येतो हं," एवढंच म्हणाला आणि मागे न बघता स्टेशनकडे चालू लागला.

तासाभराने रचनाचा फोन आला. "काय सांगून गेलास रे तिला? दारातून हलत नाहीये, बूटसुद्धा काढू देत नाहीये. ऐक, काय म्हणतेय ते."

 

"मम्मी, नको ना! बाबा म्हणाली, येतो."