उसनी साखर
अंकिताच्या इंग्रजीच्या पुस्तकात बोरो आन् लेंड असे दोन शब्द दिलेत, योग्य तो निवडून वाक्य लिहायचं. आमच्यात घेतलं तरी उसनं आन् दिलं तरी उसनंच, मी काय कपाळ सांगणार! म्हटलं, घरातलंच कायतरी लिही. पोरीनं लिहिलं, सैफची आई आमच्याकडून साखर बोरो करते. बाईंना वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते भर वर्गात वाचून दाखवलं, आन् सैफ त्याच वर्गात! संध्याकाळी त्याची आई, शेजारची तहमीना, शिगोशीग भरलेली साखरेची वाटी माझ्या उंबऱ्यावर आदळून गेली. “घे. आता कुणाचं उसनं न्हाई.” माझं डोकंच फिरलं. शिक्रापुरात भाड्याच्या खोल्यांत आल्यापासून ही वाटी आमच्या दोन दारांत फिरतीय. साखर घेऊन गेली तर शिरखुर्मा घेऊन आली, पुरण घेऊन गेली तर भजी. रिकामी कधी परतली न्हाई. मूळची कुणाची, तेबी आता आठवत न्हाई. आन् ह्या पुस्तकाला घेणारी कोण, देणारी कोण, ते ठरवून पाहिजे! मी साखर डब्यात ओतली आन् रिकामी वाटी घेऊन तिचं दार वाजवलं. “तहमीना, चहापुरती साखर उसनी दे.” ती वाटीकडं बघतच राहिली. “कुठनं देऊ? घरात होती नव्हती तेवढी सगळी तुझ्याच दारात ठेवली न्हवं का!” आता इथं कोणता शब्द बसतो, ते बाईंनीच येऊन सांगावं.